चर्चा: ग्रीक शोकांतिकेकडे आपण परत परत का जातो?

तिन्हीसांज
दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी सोफोक्लिसचं 'अँटिगनी' बसवलं, तेव्हा नेल्सन मंडेलांनी राजा क्रेऑनचं काम केलं होतं. बंडखोराच्या प्रेताला माती द्यायची नाही, असा क्रेऑनचा हुकूम. त्या बंडखोराची बहीण अँटिगनी तो मोडते आणि मरण पत्करते. नाटक इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं. पुढे १९७३ मध्ये ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी 'द आयलंड' रचलं. त्यातले दोन कैदी कोठडीत याच नाटकाची तालीम करतात. कायदा आणि सदसद्विवेक यांची टक्कर ग्रीकांनी इतकी उघडी करून ठेवली आहे, की आजच्या नाटककाराला तिथे जावंच लागतं.

उंबरठा
जावं लागत नाही, नेलं जातं. ब्रिटिश हिंदुस्थानचे सनदी अधिकारी निवडणारी १८५५ ची आयसीएस परीक्षा आठवा: ग्रीकला ७५० गुण, संस्कृतला ३७५. साम्राज्य चालवणारा माणूस ग्रीक वाचलेला हवा, असं ठरवूनच ठेवलं होतं. जिथे इंग्रजी शिक्षण पोचलं तिथे सोफोक्लिस पोचला. नाटक थोर आहे, याबद्दल वाद नाही. पण ते हाताशी असणं हा त्याच्या थोरपणाचा पुरावा नव्हे.

काळी शाई
मग जॉर्डनमधल्या अम्मानचं काय? २०१३ मध्ये तिथे सीरियातून परागंदा झालेल्या बायकांनी युरिपिडीसचं 'ट्रोजन विमेन' अरबीत केलं, दिग्दर्शक ओमर अबू सादा. नाटकात ट्रॉय शहर पडलंय, पुरुष मेलेत, बायका उरल्यात. त्यांनी मूळ संहितेत स्वतःचे अनुभव घातले आणि ते रंगमंचावर स्वतः सांगितले. त्यांना कुणी आयसीएसला बसवलं नव्हतं.

उंबरठा
नव्हतं, पण नाटक त्यांनी निवडलं नव्हतं. कल्पना ब्रिटिश निर्मात्यांची होती. त्या बायकांच्या धैर्याला माझा नमस्कारच आहे, मुद्दा निवडीचा आहे. आणि १९४४ चं, जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस घ्या. झाँ आनुईच्या 'अँटिगनी'ला जर्मन सेन्सॉरने परवानगी दिली. कुणाला त्यात प्रतिकार दिसला, कुणाला क्रेऑनचं समर्थन. दोन्हीकडच्यांना आपलं वाटणारं नाटक नेमकं कुणाच्या बाजूने उभं राहतं?

तिन्हीसांज
गुणांचा मुद्दा मान्य, तो अन्यायच होता. आनुईचा मान्य नाही. मुळात सोफोक्लिसनेच क्रेऑनला बाजू दिली आहे: यादवीतून नुकतंच वाचलेलं शहर, आणि ते सावरायची जबाबदारी डोक्यावर. त्याला नुसता खलनायक केला असता तर मंडेलांना त्यात काय मिळालं असतं? राज्यकर्त्याचा हट्ट त्याला आंधळा करतो, हे त्यांना या भूमिकेत दिसलं आणि त्यांनी आत्मचरित्रात तसं लिहिलं. कैद्याने राजाच्या आत शिरून पाहावं, एवढी जागा नाटकात आहे. ही जागा कुठल्या परीक्षेने निर्माण केलेली नाही.

उंबरठा
जागा आहे, कबूल. पण शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तही राजाचा मेहुणा खोटा आळ घेतो, निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेतात आणि त्याच वेळी बाहेर राज्य उलथतं. तुरुंगात बसवायला याहून योग्य नाटक कोणतं? बेटावर ते कुणाच्या हाती पडलं असतं, तर कैद्यांनी त्या रात्री काय बसवलं असतं?