अडीअडचणीसाठी चांदीची नाणी: घेत राहू का, आणि ठेवू कुठे?

गावभागकरीण
आम्ही सांगलीचे, गावभागातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा होडीतून बाहेर पडलो. मी कागदपत्रांची पिशवी घेतली, ह्यांनी सिलिंडर बंद केला की नाही यावरून होडीतसुद्धा वाद घातला आणि सासूबाईंनी पदराखाली डालड्याचा जुना डबा धरला. आत २६ राणीछाप रुपये, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, चांदीचे. "हे आहे तोवर कुणापुढं हात पसरायला लागायचा नाही," म्हणाल्या.

विश्रामबागेत नणंदेकडे आठ दिवस काढले. एटीएम बंद, पर्समध्ये अकराशे रुपये. दूधवाला सुटे मागायचा आणि डबा कपाटात गप्प बसलेला. बाजारपेठच पाण्यात, मोडणार कुठे?

तरी सासूबाई गेल्यावर सवय मात्र मला लागली. घरखर्चातून उरलं की दहा ग्रॅमचं एक नाणं. आता १८ झालीत. चालू ठेवू की बंद करू? आणि लॉकरला ठेवू की घरी? चळती करून रबरबँड लावले होते, तर कडेला काळे पट्टे उमटलेत. दुकानदार फसवला की काय, अशी शंका येते.

जुना_तराजू
ताई, कोल्हापुरात गुजरीत एका पेढीवर ३१ वर्षं काट्यापाशी बसलोय, म्हणून सांगतो.

आधी डबा. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सराफाचा आजचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना खरा तोळा. टंच, म्हणजे शुद्धता, ९१.७ टक्के, म्हणजे आत सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. झिजलेला असेल तर थोडी कमी. पण डब्यात सगळ्या राण्याच आहेत ना, ते बघा. सहाव्या जॉर्जचे १९४० पासूनचे रुपये निम्म्याच चांदीचे, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निव्वळ निकेल. फ्रिजवरचं लोहचुंबक लावा, वाघ चिकटेल. दिवाळीला राणीच्या चेहऱ्याची नवी नाणी मिळतात, तीही वेगळी काढा. आमच्याकडे एकदा एक आजोबा अशी चाळीस घेऊन आले होते. ही जुनी नव्हेत हे त्यांना सांगायचं कुणी, यावरच पेढीवर दहा मिनिटं गेली.

आता नवी नाणी. हजाराची चांदी घेतली, त्यावर ८० रुपये घडणावळ धरा, वर ३ टक्के जीएसटी. झाले १११२. त्याच संध्याकाळी मोडायला गेलात आणि भावात ३ टक्के कापले, तर हातात ९७०. म्हणजे भाव १५ टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. दहा ग्रॅमच्या नाण्याला ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते, म्हणून साठवून पन्नास-शंभर ग्रॅमचं घ्या. लक्ष्मी-गणपतीच्या नक्षीचे पैसे मोडताना कुणी देत नाही.

आणि भाव चढतोच असं धरू नका. २०११ च्या एप्रिलमध्ये किलोला सत्तर हजारांच्या पुढे गेला होता. तेव्हा घेणाऱ्यांना तो भाव पुन्हा बघायला २०२० उजाडलं. माझ्या मेव्हण्यानं तेव्हाच घेतली होती. अजून माझ्याकडे बघून हसत नाही.

एक सल्ला: घाई नाही तेव्हाच एक नाणं मोडून बघा. कोण रोख देतं, कोण पावती मागतं, किती कापतं, सगळं कळेल. गरजेच्या दिवशी हे शिकायला जाऊ नका.

पत्रा_आणि_पाऊस
सोनं घ्या की. लाखाची चांदी घेऊन होडीत बसलात तर होडी विचारेल, भाडं कुणाचं.

रसायनवाल्या_बाई
काळेपणाला घाबरू नका, फसवणूक नाही. रबरात गंधक असतं आणि चांदी गंधकाशी पटकन जमवून घेते. तो थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरही नको. प्रत्येक नाणं पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत, हवा दाबून काढून. डब्यात शाळेतले चार कोरडे खडू टाका, दमट हवेत बरे पडतात.

नवी नाणी उजळायची तर भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा, वर कडकडीत पाणी. नाणं फॉइलला टेकलं पाहिजे. राण्यांना मात्र यातलं काही करू नका. राखेनं, रांगोळीनं घासणं तर नकोच. घासलं की चांदीही जाते, आणि संग्राहक चकाकणाऱ्या जुन्या नाण्याला कमी पैसे देतो.

लॉकरबद्दल: आगीत किंवा चोरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत, पण पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती, तिथे तेवढीही धरू नका. शिवाय पाणी आलं की बँकही बंद. तुमच्या गावात तरी निम्मं-निम्मं करा.

गावभागकरीण
तराजूकाका, केलं तुम्ही सांगितलं तसं. शनिवारी एक नवं नाणं घेऊन गेले. पहिल्या दुकानात म्हणाले, रोख नाही, बदल्यात पैंजण घ्या. दुसरीकडे पावती बघितली, वजन केलं, आणि त्या दिवशीच्या भावानं शंभरातले ९४ रुपये हातात आले. घडणावळ आणि जीएसटी गेलंच.

डब्यात एक वाघ निघाला. लोहचुंबकाला असा चिकटला की मुलगा हसून लोळला. सासूबाईंना कळलं असतं तर तो देणाऱ्याचा सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

महिन्याचं नाणं थांबवलंय. आधी घरात १५,००० रोख करते, सगळ्या शंभर-पन्नासच्या नोटा. दूधवाला विसरले नाही मी. राण्या लॉकरला गेल्या, फक्त पाच डब्यात ठेवल्यात. डबा पुन्हा पदराखाली धरायची वेळ आली, तर रिकामा नको.