कयाकवरून सुरमई, बडोद्याहून कुठे जावं?

मी बडोद्यातच मांडवीजवळ राहतो, कयाक नीट जमते आता, पहाटे समुद्रात जाऊन मोठी सुरमई धरायचीय. खंभात जवळ पडतं, तिथे चालेल का?

उत्तर: खंभातला अजिबात नको रे भाऊ! तिथल्या आखातात भरती-ओहोटीत १० मीटरपर्यंत फरक पडतो, पाणी मागे गेलं की कयाक चिखलात रुतते. पावसाळा संपल्यावर मालवणला जा.

उत्तर: सुरमईचे दात ब्लेडसारखे, नायलॉन एका झटक्यात कापते, गळाच्या वर वीतभर स्टीलची तार लावच. माझ्या पहिलीने कयाकच ओढत नेली, रीळ कर्रर्र वाजतंय, हात थरथरतायत, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल होता म्हणून दोरी टिकली. गळ पकडीनेच काढ. आणि लाइफ जॅकेट, प्लीज.

प्रश्नकर्ता: थँक्यू दादा, तार आजच आणतो.