मदत हवी आहे: सोलापुरात १० बाय २२ चं चादरीचं दुकान, काउंटर आणि रॅक कुठं ठेवू?

नमस्कार मंडळी. चाटी गल्लीपासून जवळच आमचं चादर-टॉवेल-नॅपकिन-सतरंजीचं छोटं दुकान आहे. सासरे (आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणतो) सकाळी बसतात, दुपारनंतर मी. रुंदी १० फूट, खोली २२ फूट, तोंड पश्चिमेला. जानेवारीत गड्डा (म्हणजे आमची जत्रा) भरायच्या आत मांडणी बदलायची आहे, कारण सिद्धेश्वर यात्रेला बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं, त्यात अक्कलकोट-तुळजापूर करून सोलापुरात थांबणारे पण असतात, आणि त्यांना चादर घ्यायचीच असते, फक्त कुणाकडून एवढाच प्रश्न असतो.

आत्ता कसं आहे ते सांगते. शटर वर केलं की तीन फुटांवर आडवा काउंटर, त्याच्यामागं गादी, भिंतींना छतापर्यंत फळ्या. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहूनच विचारतं, "डबल चादर कितीला?" मग अण्णा नाहीतर मी थप्प्या काढायच्या, उलगडायच्या, त्यांनी बघायचं आणि "फिरून येतो" म्हणून जायचं. मग घडी घालत बसा. डबल चादरीची घडी एकट्यानं नीट येत नाही हे ज्यांनी घातलीय त्यांनाच माहीत, एक टोक पायाखाली नाहीतर दातात धरावं लागतं! आणि मागची निम्मी जागा नुसती गोडाऊन झालीय, तिथं काय पडलंय ते आम्हालाच आठवत नाही.

मेन अडचण ही की घडीत सगळ्या चादरी सारख्याच दिसतात. जॅकार्डचं, म्हणजे विणतानाच उठवलेलं डिझाईन, मोर म्हणा फुलं म्हणा, उघडल्याशिवाय कळत नाही, आणि भिंतीवर चार चादरी लटकवल्या तर भिंत संपली. गिऱ्हाईक आत यावं, हात लावून बघावं, पण माल पण विस्कटू नये असं काही जमेल का? बजेट पन्नास हजारांच्या आत. प्लीज फोटोतली मॉलसारखी दुकानं पाठवू नका, ती बघून झालीत.

पेठकर: ताई, पहिलं काम तो आडवा काउंटर काढा. माझं पंढरपुरात कापडाचंच आहे. आडवा काउंटर म्हणजे गिऱ्हाईकाला सरळ सांगणं की बाबा तू बाहेरच थांब. डाव्या भिंतीला लावून साधारण मध्यावर छोटा काउंटर घ्या, तिथून दार पण दिसतं आणि मागचा कोपरा पण. दारातली पहिली चार-पाच फूट मोकळी सोडा, माणूस आत शिरल्यावर दोन पावलं नुसता डोळे फिरवतो, तिथं ठेवलेला माल कुणी बघत नाही. आणि गादी काढू नका हां, मागं न्या. लग्नाच्या आहेराचे टॉवेल-टोपी घेणारे घरचे पाचजण येतात, त्यांना बसायला लागतं, बसलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही.

पुणे३०: फ्रंटला पूर्ण काच, आत दोन स्पॉटलाईट आणि एक बेड ठेवून त्यावर चादर अंथरा. लूक एकदम बदलेल.

चादरवाली: दादा, १० फुटात बेड ठेवल्यावर गिऱ्हाईक बेडवर झोपवायचं का? 😀 आणि पश्चिमेचं तोंड आहे, काच लावली तर दुपारी तीननंतर आत भट्टी. मार्च-एप्रिलला सोलापूरचं ऊन काय असतं ते येऊन बघा एकदा.

रंधा: मी फर्निचरचं काम करतो, अशोक चौकाकडं. ऊन म्हणालात ते महत्त्वाचं, दारात लटकवलेल्या चादरीचा घडीच्या रेषेवरचा रंग आधी उडतो, मग ती चादर पडून राहते. दाराजवळ फिक्या रंगाचे टॉवेल लावा, लाल-मरून चादरी आत, आणि दारातला माल दर आठवड्याला बदला. आता फळ्या. तुमच्या फळ्या दोन फूट खोल असणार, म्हणून मागंपुढं दोन थप्प्या लागतात आणि मागची विसरली जाते. ६० बाय ९० इंची चादर चार-चार पदरात मोडली की घडी साधारण १५ बाय २२ होते. १६ इंच खोल फळी बास, २२ ची बाजू समोर येऊ द्या. दोन्हीकडं १६-१६ गेले तरी मध्ये सात फुटांच्या वर राहतात, काउंटरपाशी पण दोन माणसं आरामात जातात. थप्पी सात-आठ नगांची, त्याच्यावर गेली की खालची ओढताना सगळी कोसळते.

पेठकर: आणि डिझाईन दाखवायचं तर सोलापुरी चादर दोन्हीकडून वापरता येते ना, एका बाजूला मरूनवर पांढरं तर उलट बाजूला पांढऱ्यावर मरून. वरच्या घडीचा एक कोपरा उलटा दुमडून ठेवा, दोन्ही रंग एका नजरेत. प्रत्येक थप्पीतली एकच चादर उघडायची, ती 'दाखवायची', बाकी सीलबंद. आणि किंमत लिहा! आमच्याकडं पण वडील म्हणायचे किंमत लिहिली की घासाघीस संपते. अहो घासाघीस संपत नाही, फक्त लाजणारं गिऱ्हाईक पण आत यायला लागतं.

चादरवाली: कोपरा दुमडायची आयडिया आजच करून बघितली. एक बाई पायरीवरून थेट आत आल्या, "ही उलटीकडून पण चालते?" म्हणाल्या. इतकी वर्षं हे आम्ही तोंडानंच सांगत होतो. घेतली नाही त्यांनी, नॅपकिन घेऊन गेल्या, पण आत आल्या.

अण्णांना काउंटर हलवायचं सांगितलं तर म्हणाले गल्ला दारातच पाहिजे, लक्ष्मी दारातून येते. शेवटी ठरलंय की गल्ल्याची पेटी मध्यावरच्या काउंटरला, पण पूजेचा फोटो दारासमोरच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी तिथं. ते तयार झाले. नॅपकिन आणि रुमाल काउंटरच्या अगदी समोर ठेवणार, छोटा माल पिशवीत जायला वेळ लागत नाही आणि पैसे देताना सुट्ट्याऐवजी एखादा घेतला पण जातो.

आता दोन गोष्टी राहिल्या. रंधा भाऊ, जुन्या सागवानी फळ्या आहेत, त्याच कापून १६ इंची करता येतील का नवीन प्लाय परवडेल? आणि लाईट कुठला घ्यायचा? आत्ता पांढरीफट्ट ट्यूब आहे, तिच्याखाली मरून काळपट दिसतो आणि माणसं चादर घेऊन पायरीवर जातात रंग बघायला.

रंधा: सागवान टाकू नका बाई, कापा. उरलेल्या पट्टीतून दारातल्या टॉवेलला खुंट्या होतील. लाईट ४००० केल्विनचा घ्या, पिवळा पण नाही निळसर पण नाही, आणि खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर लिहिलंय का बघून घ्या, रंग खरा दिसतो. एक विकत घेऊन मरून चादरीवर धरून बघा, मगच बाकीचे आणा. फळ्यांच्या मापाला रविवारी येऊ का? तेव्हा अण्णा पण असतील.

चादरवाली: या, पण अकराच्या आत. आणि अण्णांसमोर "कापा" म्हणू नका, "बारीक करू" म्हणा.