ग्रंथालयात काम करणाऱ्यांनो, नुसतं कुतूहल घेऊन आलेल्या वाचकाच्या हातात तुम्ही काय देता?

अर्धवट_वाचलेली

दिवसभर हिशेबाचं काम करते. रात्री फोनवर काहीबाही वाचत बसते. ऑक्टोपसला तीन हृदयं का, तारे लुकलुकतात मग ग्रह का नाहीत, असलं. सकाळी त्यातलं काही डोक्यात उरत नाही. म्हणून दोन महिन्यांपूर्वी सार्वजनिक ग्रंथालयाची सभासद झाले. पहिल्याच दिवशी सगळ्या विज्ञानाचा इतिहास सांगणारं सहाशे पानी पुस्तक उचललं. दोनदा मुदत वाढवली, साठाव्या पानापुढे सरकले नाही, आणि परत करताना काउंटरवर मान वर करवेना.

तिथल्या बाईंना विचारावंसं वाटतं, पण विचारू काय? “काहीतरी चांगलं द्या”? माझा ठरलेला विषय नाही, परीक्षा नाही, कादंबऱ्यांची ओढ नाही. माझ्यासारखं कोणी आलं तर तुम्ही कुठल्या कपाटाकडे नेता? पुस्तकांची नावं सांगितलीत तर फार बरं होईल.

देवघेव_काउंटर

ताई, आधी ते मान खाली घालणं सोडा. अर्धवट परत आलेलं पुस्तक मला वाचकाबद्दल जेवढं सांगतं, तेवढं पूर्ण वाचून आलेलंही सांगत नाही.

देवघेव विभागात मला एकोणीस वर्षं झाली. एक निवृत्त वायरमन काका आमच्याकडे यायचे. जगाच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ परत करायला आले, आत एकतिसाव्या पानावर बसचं तिकीट खुणेला. “जमलं नाही,” म्हणाले. मी विचारलं, या एकतीस पानांत कुठे थांबलात? ते लगेच म्हणाले, “माणसानं पहिल्यांदा लिहिलं, ते काय लिहिलं? त्यावर दोन ओळी टाकून पुढे गेलाय तो.” तो ग्रंथ होता ९०९ या वर्गांकात. आमच्याकडे ड्यूई दशांश पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन पुस्तकं त्या क्रमाने लावतात; तिच्यात लिपींचा विभाग ४११ ला येतो, म्हणजे दालनाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे नेऊन एक बारीकसं पुस्तक दिलं. आठवड्याने परत आले ते आनंदानं सांगतच: आजच्या इराकमधल्या उरुक या प्राचीन शहरातल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर कविता नाहीत, धान्याचे आणि बिअरचे हिशेब आहेत! मग त्या फळीवरची आणखी तीन पुस्तकं त्यांनी नेली. (ताई, तुम्ही हिशेबाचं काम करता म्हणून हे मुद्दाम सांगितलं.)

तेव्हा “काहीतरी चांगलं द्या” म्हणू नका. “मी इथे अडकले, यापुढचं कुठे मिळेल?” असं विचारा. त्या साठ पानांत कुठेतरी तुम्ही नक्की थांबला असाल.

आता नावं. माझं ठाम मत असं की कुतूहलाच्या वाचकाला सगळं सांगणारं पुस्तक देऊ नये. एकाच गोष्टीकडे एकच माणूस टक लावून बघतोय, असं पुस्तक द्यावं. म्हणून मी पहिलं देते ते मायकेल फॅरेडे यांचं मेणबत्तीवरचं. सहा व्याख्यानं, पुस्तक १८६१ चं. वात पूर्ण का जळत नाही, वितळलेलं मेण वर कसं चढतं, ज्योतीच्या आत काय असतं, एवढ्यावरून ते सगळं रसायनशास्त्र उलगडत नेतात.

दुसरं, डार्विन यांचं गांडुळांवरचं, १८८१ चं. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते, पुढच्याच वर्षी गेले. घरात कुंड्यांमधून गांडुळं पाळली होती. त्यांना पियानो ऐकवला, तर ती ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर छेडला, तेव्हा ती बिळात पळाली. म्हणजे ऐकू येत नाही, पण कंप कळतो. गांडुळं पान बिळात ओढतात ती कुठल्या टोकाने, हे तपासायला कागदाचे ३०३ त्रिकोण कापून ठेवले होते. ते प्रकरण मी दर पावसाळ्यात पुन्हा काढते.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा दुसरा, सगळ्यांना माहीत असतो. मला तिसरा जास्त जवळचा: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वर्षानुवर्षं तारखेचा शिक्का न पडलेलं पुस्तक योग्य हातात देता आलं की मला जो आनंद होतो, तो दुसऱ्या कशात नाही.

बालविभाग_वाली

काउंटरताईंना अनुमोदन. माझी भर एवढीच की मुलांच्या विभागात यायला लाजू नका. फॅरेडे यांची ती व्याख्यानंही मुळात तरुण श्रोत्यांसाठीच होती. ज्वालामुखी, मानवी शरीर, पूल कसे बांधतात, असल्या विषयांची सचित्र पुस्तकं आधी चाळा. मोठ्यांच्या पुस्तकातला परिच्छेद तीनदा वाचून कळत नाही, ते एका छेदचित्रात कळतं. शिवाय सलीम अली यांचं १९८५ चं आत्मचरित्र. लहानपणी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कुठली चिमणी म्हणून ते विचारायला गेले, आणि तिथून सगळं आयुष्य पक्ष्यांकडे वळलं.

जुना_सभासद

मी कर्मचारी नाही, वाचक आहे. सुचवलेलं सगळं जुनं आहे, आणि विज्ञानात जुनं धोक्याचं असतं. मी ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात प्लूटो नववा ग्रह होता. मुलाने शाळेत तसं सांगितलं आणि त्याला खाली बसावं लागलं.

देवघेव_काउंटर

दादा, तुमचं बरोबर आहे, आणि असं पुस्तक फळीवर राहू देणं ही आमचीच चूक. खगोलशास्त्र, वैद्यक, पृथ्वीची रचना यांची माहिती हवी असेल तर मुखपृष्ठाआधी प्रकाशनवर्ष बघावं. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळलं, त्याआधीच्या पुस्तकात तो ग्रहच असणार. १९६० च्या आधीच्या भूशास्त्राच्या पुस्तकात भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, सरकण्याचा आजचा सिद्धांत सापडणार नाही. पण डार्विन यांच्याकडून मी माहिती घ्यायला सांगत नाही, बघायचं कसं ते घ्यायला सांगते. सोबत त्याच विषयावरचं ताजं पुस्तकही न्यावं, मी स्वतः जोडीनेच देते.

ताई, अजून एक. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालांचा नियम आहे: पन्नास पानं वाचा, नाही रुचलं तर सोडा. वय पन्नासच्या पुढे गेलं की शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. तुम्ही तर साठ वाचलीत.

अर्धवट_वाचलेली

शनिवारी गेले. बाईंना सांगितलं, “ज्योत म्हणजे नक्की काय, इथे मी अडकले होते.” त्यांनी दोन मिनिटांत मेणबत्तीचं पुस्तक काढून दिलं, इंग्रजीतलं, पण भाषा सोपी आहे.

काल रात्री पहिलं व्याख्यान संपवलं आणि त्यातला प्रयोग करून बघितला. मेणबत्ती हलकेच फुंकून विझवली. धुराची पांढरी रेघ वर निघाली, तिच्यात वातीपासून दोन बोटं वर पेटती काडी धरली. ज्योत धुरावरून सरसरत खाली उतरली आणि वात पेटली, काडी वातीला लागलीही नव्हती. म्हणजे तो धूर नव्हताच, मेणाची वाफ होती! सात वेळा केलं. फोन दुसऱ्या खोलीत राहिला होता, हे झोपताना लक्षात आलं.

आता ज्योतीतून पाणी कसं निघतं तिथे आले आहे. गांडुळांचं पुस्तक बाईंनी माझ्या नावावर राखून ठेवलंय.