शेतीतील अपघात टाळण्यासाठी मर्यादित पैसा आधी कशावर खर्च करावा?

कातळवाडी, राजापूर:

आमच्या गावच्या सोसायटीने यंदाच्या नफ्यातून थोडी रक्कम शेतीतील अपघात टाळण्यासाठी बाजूला काढली आहे. सर्पदंश, झाडावरून पडणे, ग्रासकटरची इजा, विजेच्या तारा, फवारणीतून होणारी विषबाधा अशा सगळ्यांसाठी थोडे थोडे करावे, असा बहुतेक सभासदांचा कल आहे. मला तो सर्वांत वाईट पर्याय वाटतो, कारण पाच ठिकाणी विभागलेल्या रकमेतून प्रत्येक ठिकाणी एक फलक आणि एक व्याख्यान यापलीकडे काही उभे राहत नाही.

झाडावरून पडणे टाळण्याला पहिला क्रम द्यावा, असे माझे मत आहे. हा अपघात सर्वांत जास्त वेळा होतो असा माझा दावा नाही. परंतु मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडले, तर ते पूर्ववत होण्याची आशा फार थोडी असते आणि घरातला कमावता माणूस कायमचा परावलंबी होतो. शिवाय हा धोका मुळातूनच कमी करता येतो. दहा-दहा मीटरवर लावलेली जुनी हापूसची कलमे एकमेकांत शिरून उंच वाढली आहेत, म्हणून गड्याला शेंड्याकडच्या फांदीपर्यंत जावे लागते. त्यांची टप्प्याटप्प्याने छाटणी करून उंची उतरवली, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने, म्हणजे फळे तोडून जाळीत झेलणाऱ्या लांब काठीने, बहुतेक फळ जमिनीवर उभे राहून काढता येते. छाटलेले झाड पुन्हा भरभरून फळायला काही हंगाम जातात, आणि बागायतदार अडतो तो तिथेच. म्हणून सोसायटीने त्या नुकसानीचा काही भाग उचलावा. ‘सावध राहा’ असे सांगण्यापेक्षा चढण्याची गरजच कमी करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

माडाची बाग, वेंगुर्ले:

आंब्याचे ठीक आहे, पण माड आणि पोफळ (सुपारीचे झाड) छाटता येत नाहीत. पोफळीच्या बागेत तर कोळेरोगासाठी, म्हणजे पावसाळ्यात सुपारी कुजवणाऱ्या बुरशीसाठी, एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा भर पावसाळ्यात करावी लागते, म्हणजे खोड शेवाळलेले असतानाच माणूस वर चढतो आणि पुष्कळदा एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत जातो. तुमच्या योजनेत हा माणूस कुठेच नाही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण दिले आणि अशा प्रशिक्षितांसाठी विमाही ठेवला. तरी आमच्याकडचे जुने पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, यंत्र वापरत नाहीत, कारण मजुरी किती माड चढले यावर ठरते आणि प्रत्येक माडाला यंत्र बसवण्या-काढण्यात वेळ जातो. मजुरी ठरवण्याची पद्धत बदलल्याशिवाय यंत्र वाटण्यात अर्थ नाही.

आता पोफळीसाठी कार्बन फायबरच्या लांब सरकत्या काठ्या आल्या आहेत आणि त्यांमुळे चढणे खरोखर टळते. मात्र कार्बन फायबरमधून वीज वाहते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बागेवरून तार गेलेली असेल, तर एक धोका घालवून आपण दुसरा, त्याहून झटपट मारणारा धोका हातात घेतो. ॲल्युमिनियमच्या शिडीचेही तेच.

आरोग्यसेविका, लांजा:

मूळ मांडणीशी मी सहमत नाही. आपण सगळे बागेबद्दल बोलत आहोत, कारण बाग पुरुषांची आणि पैशाची; भातशेतीत वाकून काम करणाऱ्या बाईचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या जांभ्याच्या कातळावर फुरसे हा विषारी साप मुबलक आहे. ते दगडाखाली आणि गवतात असते. भाताचे भारे उचलताना आणि गवत कापताना दंश हातावर होतो, तिथे गमबुटाचा उपयोग नाही; आणि लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, म्हणून बायका ते घालत नाहीत. कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, भारा उचलण्याआधी काठीने हलवणे आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यापर्यंत रात्रीही नेणारी ठरलेली गाडी, एवढ्यावर खर्च केला तरी तो छाटणीच्या अनुदानापेक्षा कितीतरी कमी होईल. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून मांत्रिकाकडे गेलेले तास परत मिळत नाहीत.

कातळवाडी, राजापूर:

आपला मुद्दा वजनदार आहे, पण त्यातील गाडीची व्यवस्था हा दंश झाल्यानंतरचा उपाय आहे. ती हवीच, तथापि ती आरोग्य विभागाकडून आणि ग्रामपंचायतीकडून मागावी. सोसायटीचा पैसा, जे दुसरे कोणी करणार नाही त्यावर जावा. माझे झाड छाटायला सरकार येणार नाही. हातमोज्यांचा खर्च मात्र इतका किरकोळ आहे की त्यासाठी क्रमवारीचा वाद घालण्याचेही कारण नाही. ते या भातकापणीआधी घ्यावेत.

खाडीकाठ, देवगड:

दोघेही अपघाताचा प्रकार पाहत आहेत, मी माणूस पाहतो. हापूसच्या बागांत राखण, फवारणी आणि काढणी करणारे बरेच गडी नेपाळहून येतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक अवयव निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात, पण ते वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला. सातबारावर नाव नसलेला गडी पडला, तर मालकाच्या मर्जीवर सगळे. बागायतदार स्वतः शेंड्यावर चढत असता, तर ही कलमे एवढी उंच राहिली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. सोसायटीने आधी प्रत्येक गड्याचा अपघात विमा उतरवावा.

कातळवाडी, राजापूर:

विम्याने पडणे थांबत नाही.

खाडीकाठ, देवगड:

थांबत नाही, पण हप्ता बागायतदाराच्या खिशातून आणि झाडाच्या उंचीनुसार घेतला, तर छाटणीसाठी वेगळे अनुदान लागणार नाही. उंच कलमे ठेवण्याचा खर्च आज गडी आपल्या अंगावर सोसतो, तो मालकाच्या हिशेबात आणणे एवढाच माझा आग्रह आहे.

आरोग्यसेविका, लांजा:

हे पटते, फक्त उंची कोण मोजणार हे ठरवावे लागेल. आणखी एक विनंती: ग्रासकटर विसरू नका. कातळावर लोखंडी पाते दगडाला लागले की कपची थेट डोळ्यात जाते. गार्ड काढून ठेवण्याची सवय सर्रास आहे, कारण गार्डात ओले गवत अडकते. सोसायटी ग्रासकटर भाड्याने देते ना? मग गार्ड आणि चष्म्याशिवाय यंत्र द्यायचे नाही आणि दगडाळ जागेसाठी पात्याऐवजी नायलॉन दोरीचे डोके द्यायचे, हा नियम पुढच्या सभेची वाट न पाहता करता येईल.

माडाची बाग, वेंगुर्ले:

त्याच नियमात काठ्या आणि ॲल्युमिनियमच्या शिड्याही घाला. ज्या बागेवरून तार गेली आहे, तिथे त्या भाड्याने देऊ नयेत.