नुसत्या नशिबाचा फाशांचा डाव घरात मांडावा का?

रामबागकर (धाग्याची सुरुवात)

यंदा दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या इंदूरच्या घरी नऊ माणसे जमली होती. सर्वांत लहान भाची सहा वर्षांची आणि सर्वांत मोठी आई ब्याऐंशीची. पत्ते काढावेत तर आईला आता पाने नीट दिसत नाहीत, बुद्धिबळ मांडावे तर दोघे खेळणार आणि सात जण नुसते बघत बसणार. तेव्हा अमेरिकेहून आलेल्या पुतण्याने तिकडे घरोघर खेळला जाणारा फाशांचा एक साधा खेळ शिकवला. तिकडच्या तीन फाशांवर डावे, मधले आणि उजवे यांची अक्षरे एकेका बाजूवर असतात आणि उरलेल्या तीन बाजूंवर नुसता ठिपका असतो. आम्ही लुडोचे फासे घेतले आणि ठरवले, की एक पडला तर एक चिंचोका डावीकडच्याला द्यायचा, दोन पडला तर मध्ये ठेवायचा, तीन पडला तर उजवीकडच्याला द्यायचा आणि चार, पाच किंवा सहा पडला तर आपला आपल्याकडेच राहू द्यायचा. प्रत्येकाला सुरुवातीला तीन चिंचोके मिळतात. हातात जितके चिंचोके तितके फासे टाकायचे, मात्र तीनपेक्षा जास्त कधीच नाहीत. ज्याचे संपतात तो बाद होत नाही, शेजाऱ्याच्या दानातून एखादा आला की पुन्हा खेळू लागतो. शेवटी एकाच भिडूकडे चिंचोके उरले, की मधला ढीग त्याचा.

आईचा हात कापतो. एकदा तिचे फासे पाटावर पडण्याऐवजी मांडीवर लुगड्याच्या घडीत पडले, तर भाचीने ते तिथल्या तिथे वाचले, "आजी, चार आणि पाच! तुझे तुझ्याकडेच." पुढे तीन फेऱ्या आई रिकाम्या हाताने बसून होती. मग तिच्या डावीकडे बसलेल्या जावईबापूंना तीन पडला, एक चिंचोका तिच्याकडे आला आणि त्या एकावरून तिने अखेर डाव जिंकला.

गेली चार वर्षे आई आमच्या घरात एकही खेळ खऱ्या अर्थाने जिंकलेली नव्हती. कोणीतरी मुद्दाम चुकीचे पान टाकायचे आणि ते तिला कळायचे. ती काही बोलायची नाही, पण पुढचा डाव वाटू लागले की "मी जरा आत जाऊन पडते" म्हणायची. या खेळात कोणाला काही ठरवायचेच नसल्यामुळे मुद्दाम हरण्याची सोयच नाही, आणि म्हणून तिचे जिंकणे कोणाच्या दयेचे नव्हते. मला या खेळाचे सर्वांत मोठे मोल इथे वाटते. त्या दिवशी ती रात्री साडेदहापर्यंत बैठकीत बसली होती.

भाऊबीजेला मात्र चिंचोक्यांच्या जागी दहा रुपयांची नाणी आली आणि माझे मेहुणे डावातून उठून गेले. त्यांचे म्हणणे असे, की नुसत्या नशिबाचा खेळ मुळातच वाईट, नाणी असोत की चिंचोके. मला हे पटत नाही. आपले मत काय?

सोंगटी

आपल्या आईंचा प्रसंग वाचून आनंद झाला, तरीही मी आपल्या मेहुण्यांच्या बाजूने आहे, आणि माझे कारण पैशांचे नाही. ज्यात खेळणाऱ्याला काहीच ठरवावे लागत नाही त्याला खेळ म्हणावे का, हाच माझा प्रश्न आहे. सारीपाटातही दान नशिबानेच पडते, परंतु पडलेल्या दानावर कोणती सोंगटी चालवायची, दोन सोंगट्यांची जोडी फोडायची की राखायची, समोरच्याची सोंगटी मारायला आता धावायचे की एक पाळी थांबायचे, हे सगळे खेळणाऱ्याच्या डोक्यातून निघते. वाईट दानाचाही बरा उपयोग करणारा माणूस त्या पटावर ओळखू येतो. साध्या लुडोतसुद्धा एवढे तरी आहे. आपण वर्णन केलेल्या डावात माणसाऐवजी पंख्याच्या वाऱ्याने फासे उलटले असते तरी निकालात काडीचा फरक पडला नसता.

माझा नातू आठ वर्षांचा आहे. बुद्धिबळात हरला की तो चिडतो, पण दहा मिनिटांनी येऊन "आजोबा, घोडा तिथे न्यायला नको होता ना?" असे विचारतो. आपण कुठे चुकलो हे शोधण्याची ही सवय मुलाला लागणे मला फार मोलाचे वाटते. नशिबाच्या खेळात हरलेल्या मुलाने काय शोधावे? तिथे चूकच नसते, मग सुधारणा कुठून येणार?

गणिताच्या बाई

मी इंदुरातच तीस वर्षे शाळेत गणित शिकवले, त्यामुळे 'काय शोधावे' या प्रश्नाचे उत्तर देणे मला भाग आहे. मुलांना मी नेहमी विचारत असे, की फासा सहा वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडेलच ना? जवळजवळ सगळा वर्ग हात वर करून 'हो' म्हणत असे. मग आम्ही खरोखरच फासे टाकत असू आणि फळ्यावर नोंद ठेवत असू. सहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३.५ टक्के असते, म्हणजे तीन मुलांतल्या एकाच्या वाट्याला ती निराशा येतेच, आणि त्यानंतर "पाच वेळा आला नाही, म्हणजे आता येणारच" हा समज किती पोकळ आहे हे त्या मुलाला मला वेगळे सांगावे लागत नसे. फाशाला मागचे दान आठवत नाही, हे हातात फासा घेतल्याशिवाय पटत नाही. ज्याला हे लहानपणी पटले, तो मोठेपणी हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पैसे लावायला सहसा धावणार नाही, असे मला मनापासून वाटते.

हे गणित जन्मालाच फाशांच्या डावातून आले. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडण्याची शक्यता ५१.८ टक्के, पण दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा एकदम पडण्याची शक्यता ४९.१ टक्केच. एवढ्याशा फरकाने पॅरिसचे जुगारी चक्रावत असत. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांत अर्धवट राहिलेल्या डावाची रक्कम कशी वाटावी यावर पत्रव्यवहार झाला आणि त्यातून संभाव्यतेचा पाया घातला गेला.

रामबागकर, आपल्या डावातही भाचीला विचारण्यासारखे पुष्कळ आहे. टाकलेल्या प्रत्येक फाशावर चिंचोका जाण्याची आणि राहण्याची शक्यता निम्मी निम्मी आहे. शेजाऱ्याकडे गेलेला परत येऊ शकतो, पण सहातल्या एका दानाने मध्ये गेलेला डाव संपेपर्यंत परत येत नाही. आता हा डाव कधीतरी संपणारच असे का, हे तिला विचारून पाहा.

सोंगटी

बाई, आपले म्हणणे मान्य आहे, पण हे शिकवले कोणी? फाशाने की आपण? फळा, नोंद आणि प्रश्न विचारणारी शिक्षिका काढून घेतली तर खाली उरतात ती फासा आपटून "सहा, सहा!" ओरडणारी मुले. बहुतेक घरांत गणिताच्या बाई नसतात.

लोकमान्यनगरची सून

आधी दोनदा लिहिले आणि पुसून टाकले, आता लिहितेच.

माझ्या माहेरी दिवाळीत 'शकुनाचा डाव' असे. तोही घरातच, माणसेही घरचीच, आणि सुरुवात चार आण्यांची. वडिलांना दान चांगले पडे आणि सगळे म्हणत, "यांच्या हाताला यश आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आजही कोणी फासे खुळखुळवले तरी ते कानात वाजते. त्या यशाच्या शोधात ते पुढे कुठे कुठे जाऊन बसू लागले ते लिहीत नाही. आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. माझ्या लग्नात आईने हातात काचेच्या बांगड्या घातल्या होत्या आणि वरपक्षाकडच्या बायकांसमोर ती सारखी पदर मनगटापर्यंत ओढत होती.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्या काळी बेहड्याच्या बियांनी खेळत. त्यात तो सांगतो, की बायको दूर झाली, सासू द्वेष करते, कोणी उसने देत नाही, आणि तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. अखेर त्याला बजावले आहे, की फासे खेळू नकोस, शेती कर. एवढ्या जुन्या काळापासून माणसांना हे ठाऊक आहे. पहिल्यांदा ते वाचले तेव्हा मला आमच्याच घराचे वर्णन वाचल्यासारखे झाले.

रामबागकर, आपल्या चिंचोक्यांना माझा विरोध नाही. परंतु पाडव्याला चिंचोके आणि भाऊबीजेला नाणी, हे अंतर आपल्या घरात दोन दिवसांत कापले गेले, आणि आपण ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीपाशीच थांबले.

वेरूळवारी

ताई, आपले दुःख मोठे आहे आणि त्यावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. तरीही ज्या तिथीला हा डाव झाला तिला द्यूतप्रतिपदा असेच नाव आहे, एवढे नोंदवतो. शंकर-पार्वती फासे खेळत असल्याची शिल्पे वेरूळच्या लेण्यांत आहेत. एकविसाव्या, रामेश्वराच्या लेण्यात तर ती जरूर पाहावीत. तिथून जवळच असलेल्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपल्या अहिल्याबाई होळकरांनी केला, त्यामुळे इंदूरची माणसे तिकडे जातातच. लेण्यात कोरावा इतका हा खेळ घरगुती मानला गेला होता, आणि नवरा-बायकोने समोरासमोर बसावे हाच त्यातला आनंद आहे.

लोकमान्यनगरची सून

त्याच कथेत शंकर सर्वस्व हरतात आणि रुसून घर सोडतात, हेही सांगावे. शिल्पकाराने दोघांना पटासमोर बसलेले कोरले. पुढचे घरातल्या बाईला निस्तरावे लागते.

वकील, इंदूर

कायद्यापुरते लिहितो. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याच्या कलम १२ ने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली आहे; नशिबावर चालणाऱ्या फाशांच्या डावाला त्या सुटीचा आधार मिळत नाही. जागा 'जुगारअड्डा' ठरते ती तिथल्या मालकाला किंवा चालकाला डावातून फायदा होत असेल तर, त्यामुळे चिंचोक्यांचा कौटुंबिक डाव यात येत नाही. मोबाईलवरचे पैशांचे खेळ ही वेगळी गोष्ट आहे; २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तिथे कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवलेला नाही. घरात नाणी आणण्यापूर्वी पोलिसांपेक्षा मुलांचा विचार आधी करावा, असे मात्र मला वकील म्हणून नव्हे, बाप म्हणून वाटते.

रामबागकर

ताई, आपण बोट ठेवलेत ते योग्य ठिकाणी ठेवलेत. भाऊबीजेच्या डावाचे मी पुन्हा आठवून पाहिले. नाणी आल्यावर आई खेळली नव्हती, "माझ्याकडे सुटे नाहीत" म्हणाली होती. तेव्हा मी ते सहज म्हणून घेतले. भाचीलाही तिच्या बापाने दिलेली तीन नाणी पहिल्या दोन फेऱ्यांत गेल्यावर रडू आले होते, जे चिंचोके गेल्यावर आले नव्हते. आमच्या घरात यापुढे या डावात नाणे येणार नाही, आणि मेहुण्यांना मी तसे फोनवर कळवले आहे.

सोंगटीकाका, आपल्याशी मात्र मी सहमत नाही. आपल्या नातवाला बुद्धिबळातून जे मिळते ते त्याला अवश्य मिळावे, पण त्या पटावर माझ्या आईला जागा नाही. विचार करायला लावणारा प्रत्येक खेळ ज्याचे डोके आणि डोळे शाबूत आहेत त्याच्या बाजूने झुकतो, आणि घरातल्या नऊ जणांपैकी दोघे-तिघे दर वेळी कडेला बसून सरबत आणून देण्यापुरते उरतात. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी कोणाच्याही हुशारीचा उपयोग न होणारी असावी, एवढेच माझे मागणे आहे.

सोंगटी

एक संध्याकाळ मान्य. पण मधला ढीग जिंकणाऱ्याला देऊ नका, सगळे चिंचोके परत पिशवीत जाऊ द्या. ढीग ओढून घेण्याची चटक त्या हाताच्या हालचालीतच असते.

रामबागकर

हे करून पाहिले. काल संध्याकाळी डाव संपल्यावर भाचीने सगळे चिंचोके मोजून डब्यात भरले, सव्वीसच निघाले. सत्ताविसावा आईच्या पाटाखाली सापडला.