बैठे खेळ खेळायला माणसं कुठे भेटतात? (अनुभव धागा)

शहर बदलायची वेळ आली की आपण भाडं बघतो, शाळा बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो. बोर्डगेम खेळणाऱ्याला आणखी एक चौकशी करायची असते आणि ती कुणाकडे करावी ते कळत नाही. तिथे संध्याकाळी पट मांडला तर समोर कोण बसणार? हा धागा त्या चौकशीसाठी. पत्ते-कॅरमला मनाई नाही, पण भर कटान (वस्त्या वसवायचा पटावरचा खेळ), वॉरहॅमर (छोट्या पुतळ्यांच्या लढाया), मॅजिक (खास पत्त्यांची झुंज), डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्र होऊन गोष्ट खेळणं) अशा खेळांवर राहू द्या. दुकानांची नुसती यादी नको. नवख्या माणसाला तुमच्या गावात पहिला डाव कसा मिळतो आणि तो पुन्हा का येतो, हे लिहा.

सुरुवात माझ्याकडून, पुण्यातून. बाणेर, कोरेगाव पार्क या बाजूला शनिवार-रविवारी कॅफेत डाव रंगतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो, आपण नाव कळवायचं. हे सगळं मूठभर लोकांच्या जिवावर चालतं. तेच पिशव्या भरून खेळ आणतात, तेच नियम समजावतात. अडचण जागेची आहे. चार तास टेबल अडवलेलं कॅफेला परवडत नाही, त्यामुळे बैठक सारखी हलत राहते आणि नवा माणूस हरवतो. आमच्या सोसायटीने महिन्यातला एक रविवार क्लबहाउस द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून चित्र बदललं. शेजारच्या आजी ‘टिकेट टू राइड’ हा रेल्वेमार्ग जोडायचा खेळ शिकल्या आणि आता नातवंडांना मार्ग अडवू देत नाहीत. पुण्यात खेळाडू भरपूर आहेत, छप्पर हवं आहे.

■ बोखुम, जर्मनी

एसेन इथून लोकल गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर, त्यामुळे एसेनबद्दल मीच लिहिते. तिथे 1983 पासून दर ऑक्टोबरला खेळांची जत्रा भरते, गुरुवार ते रविवार. 2019 मध्ये दोन लाखांहून जास्त लोक आले होते. प्रकाशक नवे खेळ टेबलांवर उघडे ठेवतात, आपण बसायचं, समजावणारा माणूस तिथेच असतो. गुरुवारी सकाळी माणसं रिकामी चाकाची बॅग ओढत आत शिरतात आणि संध्याकाळी ती दोघांनी मिळून उचलावी लागते.

पण केवळ जत्रेसाठी कुणी इथे राहायला येऊ नये. मला हा प्रदेश आवडतो तो उरलेल्या वर्षासाठी. डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, ड्युसबुर्ग अशी शहरं एकमेकांना चिकटलेली आहेत, रात्री उशिरापर्यंत गाड्या आहेत, म्हणजे एका गावात बुधवारी डाव नसेल तर शेजारच्या गावात असतो. माझा पहिला डाव चर्चच्या सभागृहात झाला. वर्गणी नाममात्र, चहाचा थर्मास, आणि कपाटभर खेळ. नगर-वाचनालयात पुस्तकांसारखेच खेळही घरी नेता येतात, तेव्हा विकत घ्यायची घाई नसते.

इथे खेळ हा छंदिष्टांचा कोपरा नाही. 1979 पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातला उत्तम खेळ, असा पुरस्कार दिला जातो. 1995 ला तो क्लाउस टॉयबर यांच्या कटानला मिळाला. पुरस्काराची खूण डब्यावर दिसली की आजी-आजोबा नाताळसाठी तो डबा उचलतात, मग सुट्टीत सगळं घर खेळतं. माझ्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंना खेळांची जाण माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यांना स्वतःला त्यात विशेष काही वाटत नाही.

भाषेचं मात्र आधी सांगून ठेवते. गटात नियम जर्मनमध्येच सांगतात. ज्यांना जर्मन येत नाही त्यांनी विद्यापीठातल्या मंडळांपासून सुरुवात करावी, तिथे इंग्रजीत चालतं. माझं स्वतःचं जर्मन सुधारलं ते या टेबलांवर. “मला दोन विटा दे, मी मेंढी देतो” हे कटानमधलं वाक्य वर्गात कुणी शिकवत नाही.

■ बेलव्ह्यू, सिएटलजवळ

हिवाळ्यात साडेचारच्या आत अंधार आणि वर रिपरिप पाऊस. अशा हवेत घराबाहेर पण आत बसायचे उद्योग वाढतातच. मॅजिक द गॅदरिंग 1993 मध्ये याच भागात जन्मलं, ते काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीचं मुख्यालय शेजारच्या रेंटनला आहे. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी दुकानादुकानांत मॅजिकची टेबलं भरलेली. मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा नेलं. समोर पन्नाशीचा माणूस बसला होता आणि दोघं अगदी बरोबरीने भांडत होते, पत्त्यावरच्या एका ओळीच्या अर्थावरून.

मॉक्स बोर्डिंग हाउस नावाची जागा इथे आणि सिएटलच्या बॅलर्डमध्ये आहे. अर्धं दुकान, अर्धं उपाहारगृह, आणि खेळायला मोठी टेबलं. आमच्याकडच्या मराठी कुटुंबांचा एक गट तिथूनच जमला. आता आम्ही घरोघरी खेळतो, आलटूनपालटून, ज्याच्या घरी डाव त्याच्याकडे पोहे किंवा मिसळ.

एक सांगायला हवं. घरं फार महाग आहेत, आणि गाडी नसेल तर उपनगरांतून रात्री परतणं कठीण. खेळांसाठी उत्तम, खिशासाठी नाही.

■ शिकागो

इथून जवळच्या इंडियानापोलिसबद्दल थोडं. जेन कॉन हे खेळांचं संमेलन 1968 मध्ये गॅरी गायगॅक्स यांनी विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात सुरू केलं, पुढे ते मिलवॉकीला गेलं आणि 2003 पासून इंडियानापोलिसला भरतं. उन्हाळ्यातले चार दिवस, 70 हजारांहून जास्त माणसं. हॉटेलांतून सभागृहात बंदिस्त पुलांवरून जाता येतं आणि मध्यरात्री लॉबीत जमिनीवर बसूनही डाव चालू असतात. खोली मिळवायची तर कित्येक महिने आधीपासून तयारीत राहा. अनोळखी लोकांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायची भीती माझी तिथे गेली. तिकीट काढलं की टेबलावर तुमच्या नावाची खुर्ची असते, कुणाची ओळख लागत नाही.

■ नॉटिंगहॅम

मिनिएचर, म्हणजे खेळातले छोटे पुतळे, रंगवणाऱ्यांनी दुसरीकडे बघूच नये. वॉरहॅमर काढणारी गेम्स वर्कशॉप कंपनी इथल्या लेंटनमध्ये आहे आणि वॉरहॅमर वर्ल्ड हे तिचं केंद्रही तिथेच. मँटिक, वॉरलॉर्ड, पेरी हे बाकीचे मिनिएचरवालेही याच परिसरात, कारण एका ठिकाणी शिकलेले मूर्तिकार आणि ओतारी बाहेर पडून आपापले कारखाने काढत गेले. म्हणून गावात सहज भेटलेला माणूस साच्यांबद्दल तासभर बोलू शकतो. मी विद्यार्थी होतो, पैसे नव्हते. क्लबमधल्या एका गृहस्थांनी जुनी न रंगवलेली पलटण दिली आणि दर आठवड्याला शेजारी बसवून ब्रश धरायला शिकवलं: आधी प्राइमर, मग पातळ रंगाचे दोन हात, दाट रंगाचा एक कधीच नाही. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बर्मिंगहॅमला यूके गेम्स एक्स्पो हा खेळांचा मेळा भरतो, गाडीने तासा-सव्वा तासावर.

■ टोरांटो

इथलं स्नेक्स अँड लाटेज हे खेळांचं कॅफे 2010 ला सुरू झालं. बसायचे पैसे द्यायचे आणि भिंतीभर खेळांतून हवा तो काढायचा. तिथली नोकर मंडळी खेळ सुचवतात, नियम सांगतात. नवीन देशात एकटीने जाण्यासारखी जागा म्हणून मला ती फार मोलाची वाटली.

■ ठाणे

मुंबईत खेळणारे आहेत आणि हौशीही आहेत. पण अंधेरीचा डाव ठाणेकराला म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि परतताना शेवटच्या लोकलवर एक डोळा. तीन तासांचा खेळ कुणीच मनापासून काढत नाही. आम्ही उपाय केला: एका स्टेशनच्या पट्ट्यातलेच लोक, मुलुंड ते डोंबिवली. गट लहान झाला, पण डाव पुरा होऊ लागला. उपनगरात राहणाऱ्यांनी मोठ्या गटाच्या मागे न लागता हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

■ सावंतवाडी

वरच्या शहरांत आमचं गाव बसत नाही, तरी लिहितोय. इथल्या राजवाड्यात आजही कारागीर गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, लाखेचं काम. दशावतारी गंजिफेत 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे डोकं सतत जागं ठेवावं लागतं. दिवसा डाव मांडला तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या.

पर्यटक येतात, संच भेट म्हणून नेतात आणि भिंतीवर लावतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा हुकुमाशिवायचा, लक्षात ठेवण्याचा कसदार खेळ आहे. गेले किती पत्ते आणि कोणते, हे ज्याच्या डोक्यात राहील तो जिंकतो. आम्ही काही जण रविवारी दुपारी खेळतो. रोजच्या डावाला छापील संच वापरतो, हाताने रंगवलेला महाग पडतो. पुण्या-मुंबईचे बोर्डगेमवाले इकडे फिरायला आले तर जरूर बसा. नियम तासाभरात कळतात, रंगांचा क्रम पाठ व्हायला दोन डाव लागतात. मात्र येताना संख्या बघून या. हा तिघांचा खेळ आहे, दोघांत होत नाही.